काडीसारखा दिसणारा कोळी: ओळख पटवतानाच्या नोंदी

११ ऑगस्ट

जंगलाच्या कडेच्या झुडपांवरचे कोळी नोंदवायचं काम ठरलेल्या पद्धतीने चाललंय. उलटी छत्री झुडपाखाली धरायची, फांदीवर काठीने हलकेच टोले द्यायचे आणि छत्रीत काय पडतंय ते बघायचं. बहुतेक वेळा जंपिंग स्पायडर, क्रॅब स्पायडर, मुंग्या आणि ढीगभर वाळका कचरा. आज त्या कचऱ्यातली एक काडी चालायला लागली.

अंग साधारण ६ मिमी, पुढचे दोन पाय सरळ ताणले की सगळं मिळून १५ मिमीच्या आसपास जातं. रंग राखाडी-तपकिरी, पाठीवर फिकट चट्टे, पोट लांबट आणि गोलसर. बोट जवळ नेलं की पुढची जोडी पुढे, मागची जोडी मागे आणि मग हालचाल बंद म्हणजे बंद. तिसरी जोडी एवढी आखूड की पाय तुटलेत की काय असंच कुणालाही वाटेल, पण दोन्ही बाजूंना अगदी सारखी आखूड आहे, म्हणजे घडणच तशी.

ओळख सांगणाऱ्या एका अ‍ॅपला फोटो दाखवला तर त्याने काडीकिडा सांगितलं. अरे आठ पाय दिसतायत ना बाबा. असो.

फोटो काढून त्याच झुडपावर सोडला, शेजारच्या फांदीला खुणेची रिबीन बांधली. तक्त्यात सध्या "काडी कोळी, अनोळखी" एवढंच लिहिलंय.

१२ ऑगस्ट

फोटो मोठे करून बसलो. वरून काढलेले सगळे एकदम झकास आलेत, पण वरून हा प्राणी म्हणजे एक लांब रेघ, आणि लांब रेघेसारखे दिसणारे कोळी वेगवेगळ्या कुळांत आहेत, त्यांचा एकमेकांशी जवळचा संबंधही नाही. काडी-गवतात लपायचं तर अंग लांबट करून पाय पुढेमागे ताणणं हा सोपा उपाय आहे आणि तो बऱ्याच जणांनी आपापला शोधलाय. म्हणून नुसत्या आकारावरून नाव ठेवायला गेलं की घोळ होतो.

आत्ता डोक्यात असलेले संशयित असे. एरियाम्नीस, याचं पोट शेपटीसारखं मागे वाढलेलं असतं. टेट्राग्नाथा, हा गवताच्या पात्यावर असाच पाय ताणून पडलेला असतो. त्मारस, हा क्रॅब स्पायडरमधला काडीवर चिकटून बसणारा. डायनोपिस, म्हणजे पायांत जाळं धरून भक्ष्यावर टाकणारा. आणि युलोबोरिडी कुळातला मियाग्रॅमोप्स, जो मी आजवर फक्त चित्रातच बघितलाय.

सरांना फोटो पाठवले. सर निवृत्त झाले तरी मायक्रोस्कोप सुटलेला नाही. उत्तर नेहमीसारखं एका ओळीत आलं, "रंग सोड, डोळे मोज."

१३ ऑगस्ट

पाऊस. गेलो नाही.

१६ ऑगस्ट

डोळ्यांचे फोटो मिळाले. कोळी रिबीनच्याच फांदीवर, वाळक्या काडीला समांतर चिकटून बसलेला, दिवसा तो असाच असतो बहुतेक. नुसत्या डोळ्यांनी शोधताना नजर त्याच्यावरून दोनदा सरकून गेली तरी दिसत नव्हता, शेवटी भिंगातून फांदी टोकापासून बघत आलो तेव्हा "काडीला" सांधे दिसले.

समोरून फोटो घ्यायचा म्हणजे वैताग असतो, कारण पुढचे पाय तोंडासमोर जोडलेले. मी वरून तिरका कोन घेतला, फ्लॅशवर पातळ पांढरा कागद लावला म्हणजे चकाकी कमी होते, आणि फोकस थोडा थोडा सरकवत भरपूर फोटो काढले. घरी येऊन त्यातले डोक्याच्या भागाचे फोटो एकावर एक जोडले. जे दिसलं ते बघून मी खुर्चीतून उठलोच.

चारच डोळे. डोक्याचा-छातीचा जो एकत्र भाग असतो, ज्यावर पाय लागलेले असतात, तो इथे चपटा आणि जवळजवळ चौकोनी आहे, आणि त्याच्या साधारण मध्यावर आडवी अशी चार डोळ्यांची एक रांग. कडेचे दोन डोळे फुगवट्यांवर चढवलेले, बाजूला बाहेर आलेले. पुढच्या कडेला, जिथे बाकीच्या कोळ्यांना डोळ्यांची पहिली रांग असते तिथे, काहीच नाही, नुसती सपाट जागा.

हे का महत्त्वाचं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे आमच्या गटातल्या नवीन पोरांनाही कळेल. बहुतेक कोळ्यांना ८ डोळे असतात. काही कुळांत ६. चार किंवा दोन डोळेवाले जगभरात अगदी मोजके आहेत, आणि त्यातले बरेचसे पालापाचोळ्यात राहणारे एक-दोन मिमीचे जीव, ते झुडपावर असे ताणून बसत नाहीत. म्हणजे डोळे नीट मोजले की एका फटक्यात यादी छाटली जाते. टेट्राग्नाथाला ८ डोळे आणि वर लांबलचक जबडे, गेला. त्मारसला ८, गेला. डायनोपिसचे मधले दोन डोळे एवढे मोठे असतात की ते चुकवणं शक्यच नाही, गेला. एरियाम्नीसलाही ८, शिवाय त्याचे धागा सोडणारे अवयव पोटाच्या अलीकडे असतात आणि त्यांच्या मागे शेपूट लांबच लांब, आमच्या कोळ्याचे ते जवळजवळ टोकाशीच आहेत.

राहिला मियाग्रॅमोप्स. त्याच्यात डोळ्यांची पुढची रांग एकतर नसतेच किंवा नावापुरती उरलेली असते. सरांना फोटो पाठवला. उत्तर, "बरं. आता जाळं."

१७ ऑगस्ट

सरांचं म्हणणं बरोबर आहे हे मला पटतं, तरी एक मन म्हणतंय की चार डोळे मिळाले, पुरे की. पण फोटोत डोळे लपू शकतात, एखादा डोळा केसाआड जातो, चकाकीत बुडतो. आणि "दिसला नाही" याचा अर्थ "नाहीच" असा होत नाही. दुसरा पुरावा स्वतंत्र असला पाहिजे, म्हणजे पहिला फोटो फसवा निघाला तरी दुसरा उभा राहील.

जाळं बघायचं तर संध्याकाळी जावं लागेल, दिवसा तिथे काहीही नाही. मी झुडूप सगळ्या बाजूंनी बघितलंय, गोल जाळं नाही, गुंता नाही, चादर नाही.

२० ऑगस्ट

अंधार पडायच्या थोडं आधी पोचलो, सोबत हेडटॉर्चला लाल कागद लावलेला, एक साधी टॉर्च आणि काळा कार्डबोर्ड. काळा कार्डबोर्ड मागे धरून टॉर्च बाजूने मारली की धागा उजळून दिसतो, समोरून मारली तर सगळंच पांढरं होतं आणि धागा हरवतो. काही लोक धागा दिसावा म्हणून पाण्याचा फवारा मारतात, तो इथे अजिबात मारायचा नाही, का ते पुढे लिहितो.

कोळी काडीवरून निघाला, पलीकडच्या फांदीपर्यंत एक धागा ताणला, हातभर लांब असेल, आणि मग त्या धाग्यावरून परत येताना अर्ध्या वाटेत त्याचा वेग एकदम कमी झाला. इथे लक्ष देऊन बघितलं. पाठीमागच्या पायांची जोडी पोटाखाली भराभर मागेपुढे होत होती, म्हणजे अंगाची बाकी हालचाल अगदी सावकाश पण ते दोन पाय मात्र थरथर केल्यासारखे, आणि त्यांच्या मागून जो धागा निघत होता तो जाड, लोकरी, किंचित निळसर पांढरा. विंचरलेला धागा! म्हणजे याच्याकडे क्रिबेलम आहे.

थोडक्यात यंत्रणा अशी. काही कोळ्यांत नेहमीच्या धागा सोडणाऱ्या अवयवांच्या पुढे एक चपटी ताटली असते, तिला क्रिबेलम म्हणतात, तिच्यावर शेकड्यांनी किंवा हजारोंनी सूक्ष्म छिद्रं. त्यातून येणारे तंतू नॅनोमीटरच्या हिशोबातले, युलोबोरिडी कुळातल्या युलोबोरसमध्ये तर १० ते ३० नॅनोमीटर इतके बारीक मोजलेत. चौथ्या पायाच्या एका सांध्यावर वाकड्या केसांची रांग असते, ती कॅलामिस्ट्रम. तिने हे तंतू विंचरून बाहेर ओढले जातात आणि आतल्या मुख्य धाग्याभोवती त्यांचा फुगीर, पिंजलेला थर बसतो. याच्यावर चिकटा नसतो. गोल जाळं विणणाऱ्या नेहमीच्या कोळ्यांच्या धाग्यावर गोंदाचे थेंब असतात तसं इथे काही नाही, सगळी पकड त्या बारीक तंतूंची. किड्याच्या अंगावर मेणाचा जो थर असतो तो या तंतूंत शिरतो आणि पकड आणखी वाढते, हे प्रयोगातून दाखवलंय. म्हणजे किड्याचंच मेण किड्याला अडकवतं. मला हे वाचल्यापासून फार आवडतं.

आता फवाऱ्याचं. हा पिंजलेला थर ओला झाला की बसतो, तंतू आक्रसून गाठी होतात आणि पाण्याचे थेंब त्या गाठींकडे सरकतात. २०१० मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात यावर पेपर आला होता, युलोबोरस वॉल्केनेरिअसच्या धाग्यावर, तिथे उद्देश हवेतलं पाणी गोळा करणारे धागे बनवता येतील का हा होता, पण आपल्या कामाचा अर्थ एवढाच की एकदा फवारा मारला की त्या रात्रीची त्याची शिकार बंद. फोटोसाठी एखाद्याला उपाशी ठेवायचं मला पटत नाही.

एकच धागा. मधला भाग लोकरी, दोन्ही टोकांना साधा. तो झाला आणि कोळी एका टोकाला, काडीपासून थोड्या अंतरावर जाऊन थांबला. मागून काडीला धरलेलं, पुढच्या पायांनी धागा ओढून धरलेला, मधे स्वतः. म्हणजे धागा थेट फांदीला पोचतच नाही, तो कोळ्यापर्यंत येतो आणि पुढे कोळीच धाग्याचा तुकडा होऊन फांदीपर्यंत जातो. शिकार होईपर्यंत थांबायचं होतं, पाऊस आला, निघालो.

२१ ऑगस्ट

कालच्या निरीक्षणावर सरांशी फोनवर बोललो.

"सर, विंचरताना बघितलं, एकच धागा आहे."

"व्हिडिओ घेतलास?"

"घेतलाय, पण हलतोय."

"हलू दे रे. पाय दिसतायत ना, झालं. आता कुळ नक्की."

क्रिबेलमवाली कुळं खरं तर अनेक आहेत, पण झुडपांत हवेत ताणलेला एकच धागा, चार डोळे, पुढची जोडी सगळ्यात लांब, हे सगळं एका ठिकाणी फक्त युलोबोरिडीत बसतं. या कुळात जाळं कमी कमी होत गेल्याची पूर्ण मालिका बघायला मिळते. युलोबोरस पूर्ण गोल जाळं करतो. हिप्टिओटीस त्यातला फक्त एक त्रिकोणी तुकडा ठेवतो, मध्यातून बाहेर जाणारे चार अरीय धागे आणि त्यांच्या मधे तीन भाग, आणि त्या त्रिकोणाचं टोक स्वतः ओढून धरतो. मियाग्रॅमोप्सने तेही टाकून दिलं, एक धागा, कधी दोनचार.

पण काम कमी झालं असं नाही. जाळं छोटं झालं तशी त्या धाग्याची मिलिमीटरमागची पकड वाढत गेली, आणि बसून वाट बघण्याऐवजी धागा सतत ताणून धरायचा व्याप आला. त्यासाठी पायांत हवा पोचवणाऱ्या नळ्यासुद्धा हिप्टिओटीस आणि मियाग्रॅमोप्स या दोन जीनसमध्ये (जीनस म्हणजे कुळाच्या आतला, जवळच्या स्पिशीजचा गट) जास्त वाढलेल्या आहेत. हिप्टिओटीसवर २०१९ ला जे काम झालं त्यात तर दिसलं की तो ताणलेला धागा सोडतो तेव्हा कोळी आणि जाळं दोन्ही पुढे फेकले जातात, स्नायूंच्या ताकदीने जमणार नाही एवढ्या वेगाने, कारण ताकद आधीच धाग्यात साठवलेली असते.

२५ ऑगस्ट

आज शिकार बघायला मिळाली. चिलट होतं, एकदम बारीक. ते उडत येऊन आदळलं नाही, आरामात धाग्यावर बसायला आलं. चिलटं आणि त्यांच्या जातभाईंना कोळ्यांच्या धाग्यांवर लोंबकळून विसावा घ्यायची सवय असते, त्यामुळे हवेत एकच धागा टांगून ठेवणं ऐकायला वेडेपणा वाटतो तेवढा तो नाही. साध्या भागावर बसतं तर वाचलं असतं, हे लोकरी भागावर बसलं.

पुढचं फार पटकन झालं, व्हिडिओ हळू करून बघितला तेव्हा क्रम कळला. कोळ्याने आधी धागा थोडा ओढला, मग एकदम ढिला सोडला, धागा लोंबला आणि चिलटाच्या पंखाला दुसऱ्या ठिकाणीही चिकटला. परत ओढला, परत सोडला. मग धाग्यावरून धावत गेला, आणि चावला नाही. पाठ फिरवून मागच्या पायांनी गुंडाळायला लागला, गुंडाळतच राहिला, एवढ्या बारीक जिवाला एवढं गुंडाळायचं काय कारण असा प्रश्न पडावा इतकं.

कारण आहे. युलोबोरिडी कुळातल्या कोळ्यांना विषग्रंथी नाहीत. विष नसलेले कोळी जगात अगदी थोडे आहेत आणि त्यात हे अख्खं कुळ येतं. त्यामुळे सगळा भार धाग्यावर. याच कुळातल्या फिलोपोनेला व्हिसिना या कोळ्याने एका भक्ष्याला गुंडाळायला १४० मीटरहून जास्त धागा वापरल्याची नोंद आहे, त्या आवळण्याने भक्ष्याचे पाय मोडतात, डोळे आत दबतात. नंतर वरून पाचक रस ओकून सगळं पुडकंच भिजवायचं आणि शोषून घ्यायचं. आमच्या कोळ्याचं पुडकं बाहेरून ओलं चकचकीत झालेलं फोटोत दिसतंय.

हा तिसरा पुरावा धरतो, जरी "चावताना दिसला नाही" हा पुरावा तसा लंगडाच.

२८ ऑगस्ट

रिबीनवाल्या झुडपावर कोळी नाही. शेजारच्या दोन झुडपांवर पण नाही. पक्ष्याने खाल्ला असेल, किंवा सरकला असेल.

१ सप्टेंबर

आहे! त्याच झुडपाच्या मागच्या बाजूला, थोडा खाली. आणि त्याच्याहून जास्त आनंदाची गोष्ट म्हणजे वरच्या फांदीला एका धाग्यावर कात लटकलेली. बारीक, वाळलेली, वाऱ्याने फिरणारी, पाय सगळे शाबूत. कागदाची पुडी करून डबीत ठेवली, डबीवर तारीख, जागा आणि झुडपाचा नंबर.

कोळ्याला न मारता त्याचं अंग मायक्रोस्कोपखाली बघायचं असेल तर कातीसारखी गोष्ट नाही. कात टाकताना डोक्या-छातीच्या भागाची वरची बाजू डबीचं झाकण उघडावं तशी पुढून वर उचकटते, मग पोटाकडचा भाग सुटतो, शेवटी पाय बाहेर येतात. झाकणात डोळ्यांवरची पारदर्शक भिंगंसुद्धा असतात कारण ती त्वचेचाच भाग आहेत. म्हणजे डोळे मोजायला आता चकाकीही नाही, केसांची अडचणही नाही, आणि हलणारा कोळीही नाही.

३ सप्टेंबर

सरांकडे गेलो. कात कोरडी असताना हात लावला की मोडते, म्हणून कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून त्यात ती मऊ होऊ दिली, मग बारीक ब्रशने पाय मोकळे केले. सर स्वतःच करत होते, मला ब्रश देईनात.

आधी झाकण. खालून उजेड दिला तर चार गोल भिंगं, एका रांगेत, स्वच्छ. पुढच्या कडेला बरंच वाढवून बघितलं तरी भिंगासारखं काही नाही. कडेची दोन भिंगं फुगवट्यावर असल्याने ती नुसती बाजूला बघत नाहीत, थोडी वर आणि थोडी खालीही वळलेली आहेत. मियाग्रॅमोप्सवर झालेल्या अभ्यासात हेच दाखवलंय की चार डोळे गेले तरी उरलेल्या चारांची नजर एवढी फाकलीय की आजूबाजूचं बघण्यात फारसा तोटा नाही.

मग चौथा पाय. हा बघायला मी आतुर होतो. टोकापासून दुसरा सांधा चपटा, वरच्या कडेने किंचित आत वाकलेला, आणि त्या वाकलेल्या कडेवर जाड, एकसारख्या वाकड्या केसांची एकच रांग, एकमेकांना खेटून, अंतर अगदी सारखं. दुसरे केस कसेही उगवलेले असतात, ही रांग मात्र शिस्तीत. कॅलामिस्ट्रम, वीस ऑगस्टच्या रात्री जो पाय थरथरताना दिसला तोच हा.

सरांनी मांडीचा भागही दाखवला. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पायाच्या मांडीवर लांब, फार बारीक केस उभे, प्रत्येकाच्या बुडाशी वाटीसारखा खळगा. हवेचा झोत ओळखणारे केस हे. बऱ्याच कोळ्यांत ते पायाच्या पुढच्या भागांवर असतात, मांडीवर असणं ही युलोबोरिडीची मोठी खूण. माझ्या यादीत हे नव्हतंच, आता घातलं.

सर म्हणाले, "जीनसपर्यंत मी सही करतो. पुढे विचारू नकोस."

४ सप्टेंबर

पुढे का विचारायचं नाही ते लिहितो, कारण गटात कालपासून दोन जण मागे लागलेत की स्पिशीज टाका ना, यादीत "एसपी" (म्हणजे जीनस कळला, स्पिशीज ठरलेली नाही) बघायला बरं वाटत नाही.

मियाग्रॅमोप्स हा जीनस ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज या इंग्लिश पाद्र्याने १८७० मध्ये श्रीलंकेतल्या नमुन्यावरून मांडला, पहिली स्पिशीज मियाग्रॅमोप्स थ्वेट्सी. आज जगभरातून सत्तरच्या आसपास स्पिशीज नोंदलेल्या आहेत, बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. या स्पिशीज वेगळ्या करायच्या त्या रंगावरून नाही, कारण एकाच स्पिशीजमध्ये रंग करडा, तपकिरी, ठिपक्यांचा, पट्ट्यांचा काहीही असू शकतो. त्या वेगळ्या होतात प्रजननाच्या अवयवांवरून. नराच्या तोंडाजवळच्या आखूड पायांच्या टोकाला, म्हणजे पॅल्पला, जो गुंतागुंतीचा गोळा असतो त्याच्यावरून, आणि मादीच्या पोटाखालच्या एपिजायनमवरून, तेही बऱ्याचदा कापून, स्वच्छ करून आतली रचना बघावी लागते.

आमच्या कोळ्याने आत्ता कात टाकली. पॅल्पवर फुगवटा नाही, पोटाखालून पारदर्शक डबीत घेतलेल्या फोटोत एपिजायनमची गडद खूण नाही. म्हणजे अजून पोर आहे, बहुधा मादी, पण बहुधाच. पोराच्या अंगावर स्पिशीज लिहिलेलीच नसते, कितीही चांगला कॅमेरा आणला तरी. त्यात कोळ्यांत कित्येक स्पिशीजचं वर्णन फक्त नरावरून किंवा फक्त मादीवरून झालेलं आहे, म्हणजे उद्या हा मोठा झाला तरी जोडी लावता येईलच असं नाही.

यादीत जवळपासच्या प्रदेशातून नोंद झालेलं एखादं नाव उचलून टाकणं सोपं आहे आणि बरेच जण करतात. मग तो फोटो त्या नावाने फिरतो, अ‍ॅप त्या फोटोवर शिकतं, पुढचा माणूस त्या अ‍ॅपला विचारतो. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगने २०२२ मध्ये ५० हजार स्पिशीजचा टप्पा ओलांडला, त्यात नावांची कमतरता नाही, खात्रीच्या नावांची आहे. "एसपी" ला लाज कसली. तो पूर्ण शब्द आहे.

७ सप्टेंबर

पकडून आणून वाढवायचा का यावर बोलणं झालं. मी नको म्हटलं. एक तर या जंगलातून जिवंत काही उचलायला परवानगी लागते आणि आमच्याकडे ती फक्त बघायची आणि फोटोची आहे, दुसरं म्हणजे एक धागा ताणून शिकार करणाऱ्या कोळ्याला डबीत ताणायला जागा कुठली देणार, आणि चिलटं रोज कोण पकडणार. कात चालते, परवानगीतही बसते, तेवढं पुरे.

९ सप्टेंबर

झुडपाच्या पलीकडच्या बाजूला अजून एक सापडला, लहान, ४ मिमीच्या आत. छत्री न वापरता सापडला हे विशेष, कारण आता बघायचं कसं ते माहितीय, दिवसा काडीच्या टोकाकडे बघायचं, जिथे काडी "उगाच" थोडी जास्त लांब आहे तिथे. छत्रीची पद्धत मोजणीला चांगली, पण ती जाळं, बसायची पद्धत, वेळ सगळं एका टोल्यात पुसून टाकते. आकारावरून जे नेहमीचे वाटत नाहीत त्यांच्यासाठी तक्त्यात वेगळा नियम टाकला, टोला मारायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघायचं आणि धागा शोधायचा.

पोरांना फोटोंचा क्रमही ठरवून दिला. आधी डोळे, तिरक्या कोनातून. मग चौथा पाय बाजूने. मग पोटाखालून, धागा सोडणारे अवयव टोकापासून किती अंतरावर आहेत ते दिसेल असा. मग बसलेल्या जागेचा लांबून एक. वरून घेतलेला देखणा फोटो सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर. यावर थोडी कुरकुर झाली.

१२ सप्टेंबर

तक्त्यातली नोंद बदलली. आता अशी आहे:

कुळ युलोबोरिडी, जीनस मियाग्रॅमोप्स, स्पिशीज ठरलेली नाही. अवस्था: अपक्व. लिंग: अनिश्चित. पुरावा: चार डोळे (फोटो आणि कात), कॅलामिस्ट्रम (कात), मांडीवरचे संवेदी केस (कात), एकेरी लोकरी धागा आणि विंचरण्याचा व्हिडिओ, गुंडाळण्याचा व्हिडिओ. ओळख ठरवणारे: दोघं. कात डबी क्रमांकासह सरांच्या कपाटात.

"खात्री" या रकान्यात कुळासाठी आणि जीनससाठी "पक्की" लिहिलं, स्पिशीजचा रकाना रिकामा ठेवला. तक्ता रिकामा रकाना स्वीकारत नव्हता, लाल चौकट दाखवत होता, शेवटी तिथे एक आडवी रेघ टाकली तेव्हा सेव्ह झालं.

पुढच्या कातीनंतर पॅल्प आणि पोटाखालचा भाग परत बघायचाय. तोवर रिबीन तशीच राहू दे, फक्त रंग उडालाय म्हणून नवीन बांधायला हवी.